वाद्याची डागडुजी

मनुष्याच्या हातांना दोन विद्या अवगत आहेत. नवी वस्तू घडविणे ही एक, आणि बिघडलेली वस्तू पुन्हा कामास लावणे ही दुसरी. पहिलीचे कौतुक सर्वत्र होते. तिच्या नावाने प्रदर्शने भरतात, तिला पारितोषिके मिळतात. दुसरी मात्र रस्त्याच्या कडेला, एखाद्या झाडाच्या सावलीत, गोणपाटावर बसून निमूटपणे आपले काम करीत असते. घडविणाऱ्याला आपल्या मनाजोगे साहित्य निवडता येते. डागडुजी करणाऱ्याला ते स्वातंत्र्य नसते. समोर जे आले आणि ज्या स्थितीत आले, ते समजून घेऊनच त्याला पुढे जावे लागते. त्याच्या विद्येत हाताइतकाच डोळ्याचा आणि डोळ्याइतकाच धीराचा वाटा असतो.

ही दुसरी विद्या पाहावयाची असेल तर छावणीचा गुरुवारचा बाजार पाहावा. ज्या शहराला दीर्घकाळ औरंगाबाद म्हणत आणि २०२३ पासून ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, त्या शहरालगत खाम नदीच्या पलीकडे ही छावणी आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात कंटिंजंटच्या पलटणी येथे राहत. त्या पलटणी इतिहासजमा झाल्या, तरी रुंद रस्ते, जुने वृक्ष, जुनी चर्चे आणि लष्कराचा वावर यांमुळे छावणीचे वेगळेपण अजूनही ओळखू येते. गुरुवारी येथे आठवडी बाजार भरतो. अशा बाजारात भाजीपाला व धान्य यांच्या जोडीला डागडुजीच्या साऱ्या कला हजर असतात. कोणी छत्रीची काडी बसवितो, कोणी चपलेचा अंगठा शिवतो, कोणी विळ्या-सुऱ्यांना धार लावून देतो. टाकून देण्याजोगी वाटणारी वस्तू दहा-वीस रुपयांत पुन्हा संसारात परत जाते. याच बाजारात दोन कानशी, पॉलिश पेपरचे चार तुकडे, एक पेचकस आणि फेविकॉलची एक लहानशी डबी घेतली, तर एका अगदी निराळ्या वस्तूची डागडुजी घरच्या घरी करता येते. ती वस्तू म्हणजे स्वस्तातली गिटार.

गिटार हे आपल्याकडचे मूळचे वाद्य नव्हे. तथापि आज ते परकेही राहिलेले नाही. नाताळ जवळ आला की छावणीसारख्या वस्तीत समूहगीतांच्या सरावाला गिटार लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती व्यासपीठावर दिसते. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर तर तिच्यावाचून संध्याकाळ सरत नाही. कोलकात्याच्या व परदेशच्या कारखान्यांतून निघालेल्या गिटारी तीन-चार हजार रुपयांना मिळू लागल्यामुळे हे वाद्य सामान्य माणसाच्या घरी पोहोचले. ही मोठीच चांगली गोष्ट झाली. परंतु जी वस्तू स्वस्त होते, तिच्यातून काही ना काही वजा झालेलेच असते. या गिटारीतून काय वजा होते, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. तिचे लाकूड हलक्या प्रतीचे असते, हे उघडच आहे. एका अखंड फळीऐवजी तिला पातळ थर चिकटवून केलेले प्लायवूड वापरलेले असते. पण खरी उणीव त्याहून वेगळी आहे. वाद्य तयार झाल्यावर कुशल कारागीर तासभर त्याला मांडीवर घेऊन बसतो, तारांची उंची बेताची करतो, खाचा सारख्या करतो, पडद्यांची टोके घासून गुळगुळीत करतो. स्वस्त गिटारीला हा शेवटचा तासच लाभलेला नसतो. लाकूड नंतर बदलता येत नाही. तो राहून गेलेला तास मात्र केव्हाही देता येतो, आणि या साऱ्या डागडुजीचे मर्म एवढेच आहे.

हा तास न लाभल्याने काय घडते? एखाद्या घरी वाढदिवसाला मुलीसाठी अशी गिटार येते. पहिले काही दिवस ती मोठ्या उत्साहाने बसते. तारा दाबताना बोटांची टोके लाल होतात. नवशिक्याला हे व्हायचेच, असे सारे सांगतात, आणि ते काही अंशी खरेही असते. पण महिना लोटतो तरी तारा पडद्याला टेकत नाहीत. टेकल्या तर सूर चढा लागतो. एखादी तार वाजण्याऐवजी नुसती झरझर करते. मैत्रिणीच्या गिटारीवर सहज वाजणारी धून आपल्या गिटारीवर बेसूर का होते, हे तिला कळत नाही. वाद्यात दोष असू शकतो, हे तिला कोणीच सांगितलेले नसते. मग ती स्वतःविषयीच एक निर्णय करून टाकते. आपल्याला गळा नाही, कान नाही, आपल्या बोटांत बळ नाही, संगीत हे आपले काम नव्हे, असे तिला वाटू लागते. गिटार कपाटावर जाते आणि तिच्यावर धूळ साचते. वस्तुतः जो दोष अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेत होता, तो एका मुलीच्या आत्मविश्वासाच्या खाती मांडला जातो. तीन-चार हजार रुपये वाया जाण्यापेक्षा ही हानी कितीतरी मोठी आहे.

हा दोष कोठे असतो हे कळण्यासाठी गिटारीची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. सतारीच्या परिभाषेत सांगावयाचे तर तिलाही दांडी, तबली, घोडी, खुंट्या आणि पडदे असतात. तार दोन ठिकाणी टेकलेली असते. दांडीच्या माथ्याशी खाचा पाडलेली एक अरुंद पट्टी असते, तिला कारागीर नट म्हणतात. दुसरीकडे घोडीवर बसविलेली एक पातळ पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. या दोन टेकूंमध्ये तारेची लांबी बहुधा ६५ सेंटिमीटरांच्या आसपास असते, आणि बारावा पडदा बरोबर तिच्या निम्म्यावर येतो. म्हणून तेथे तार दाबली की मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर निघतो. आता तार पडद्यांपासून फार उंच असेल, तर ती दाबताना अधिक ताणली जाते. ताण वाढला की सूर चढतो. म्हणजे तारांची अवाजवी उंची बोटांना दुखविते आणि शिवाय सुरालाही बिघडविते. बारकाईने जुळविलेल्या गिटारीत बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन ते तीन मिलिमीटर असते. स्वस्त गिटारीत ती पुष्कळदा चार-पाच मिलिमीटर आढळते. सगळे दुःख या दोन मिलिमीटरांचे आहे.

चांगला वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. वाद्याची डागडुजी करणारानेही हाती कानस घेण्यापूर्वी वाद्य पाहावे. सर्वांत आधी पाहावयाच्या त्या तारा. काळवंडलेल्या, गंजलेल्या, पडद्यांखाली खळगे पडलेल्या तारांमधून शुद्ध सूर निघणे शक्य नसते. काही शे रुपयांत नवा संच मिळतो, आणि अर्ध्याअधिक तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. तार खुंटीला दोन-तीन वेढे देऊन, वेढे एकाखाली एक उतरत जातील अशी गुंडाळावी. मग हलक्या हाताने ओढून तिचा सैलपणा काढावा आणि पुन्हा सुरात आणावी. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसण्याची सवय लागली, तर त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढते. या औषधाला खर्चच नाही.

त्यानंतर दांडी पाहावी. सुतार फळी पारखताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतो, तशीच नजर दांडीच्या कडेवरून टाकावी. पोलादी तारांच्या गिटारीवर सहाही तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो भरतो. एक धट्टाकट्टा मनुष्य अहोरात्र दांडी वाकवीत बसला आहे, अशी कल्पना केली म्हणजे तिच्यावरील भाराची कल्पना येते. दांडी किती वाकली हे मोजण्यास वेगळ्या उपकरणाची गरज नाही. तार स्वतःच सरळ रेषा असते. ती पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली की मधल्या भागात तार व पडदा यांत किती फट राहते ते दिसते. एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट योग्य होय. अधिक असेल आणि दांडीच्या आत पोलादी सळई बसविलेली असेल, तर तिच्या टोकाशी षट्कोनी चावी लावून ती किंचित पिळता येते. पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये, आणि पिळल्यावर दांडीला स्थिर होण्यास वेळ द्यावा. ज्याला घाई आहे त्याने या सळईला हात न लावणेच बरे. बळजबरीने पिळलेली सळई तुटते, आणि मग स्वस्त वाद्य खरोखरच महाग पडते.

दांडी सरळ असूनही पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तारा दाबताना बोटे दुखत असतील, तर दोष नटच्या खाचांत असतो. तिसऱ्या पडद्याच्या अलीकडे तार दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे पातळ कागदाएवढीच फट असावयास हवी. ती जास्त दिसली, तर खाच उथळ आहे. मग बारीक कानशीने दोन-चार हात फिरवावेत, तार पुन्हा बसवून पाहावी, आणि पुन्हा दोन-चार हात फिरवावेत. घासलेले परत आणता येत नाही. म्हणून दहादा पाहावे आणि एकदा घासावे. इतके करूनही खाच खोल गेलीच, तर उपाय नाही असे नाही. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडला की ते मिश्रण तत्काळ दगडासारखे घट्ट होते आणि तेथे नवी खाच पाडता येते. हा डिंक क्षणात कातडीला चिकटतो व डोळ्यांना अपाय करतो, म्हणून हे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. आणखी एक लहानसा दोष येथेच आढळतो. खुंटी पिळताना तार खाचेत अडकते, टणकन आवाज करून सुटते, आणि सूर जागेवर येण्याऐवजी पुढे उडी मारतो. यावर शिसपेन्सिल हे औषध आहे. पेन्सिलीचे टोक खाचेत घासले की तिच्यातील काळी भुकटी तेलासारखे काम करते आणि तार सहज सरकू लागते. पाच रुपयांच्या पेन्सिलीने शेकडो रुपयांच्या नव्या खुंट्यांचा खर्च वाचल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

सॅडलची डागडुजी ही तर भूमितीचा एक सुंदर पाठच आहे. बाराव्या पडद्यावर तार एक मिलिमीटर खाली यावयाची असेल, तर सॅडलची पट्टी किती घासावी? पुष्कळांना वाटेल, एक मिलिमीटर. तसे नाही. तारेचे एक टोक नटवर स्थिर आहे. दुसरे टोक सॅडलवर आहे. बारावा पडदा बरोबर मध्यावर आहे. समरूप त्रिकोणांचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याच्या लक्षात येईल की मध्यबिंदू एक मिलिमीटर उतरण्यासाठी टोक दोन मिलिमीटर उतरले पाहिजे. ही पट्टी चिकटविलेली नसेल तर तारा सैल केल्यावर ती वर निघते. तिच्या तळाशी पेन्सिलीने रेघ आखावी, काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर पसरावा आणि पट्टी उभी धरून तळाकडूनच घासावी. वरच्या गोलाईला हात लावू नये. तळ वाकडातिकडा राहिला तर तारेचे कंपन तबलीपर्यंत नीट पोहोचत नाही. उलट, पट्टी कमी उंच असेल आणि तारा पडद्यांना घासत असतील, तर तिच्याखाली जाड कागदाची वा पत्त्याच्या तुकड्याची पट्टी सारावी. वहीच्या मुखपृष्ठाच्या एका चिंचोळ्या कापटाने गिटारीचा आवाज स्वच्छ होतो, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

खुंट्यांचे दुखणे बहुधा खुंट्यांचे नसतेच, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचे असते. हलक्या लाकडातील भोके मोठी होतात, स्क्रू नुसता फिरत राहतो, खुंटी डुगडुगते आणि लावलेला सूर घटकाभरही टिकत नाही. काडेपेटीतील काडीचा गूल काढून टाकावा, काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकावी, वाळल्यावर उरलेले टोक छाटावे आणि त्याच जागी स्क्रू पुन्हा बसवावा. तो नव्या लाकडात बसल्यासारखा घट्ट बसतो. दाराची बिजागरी सैल झाली म्हणजे आपल्याकडील सुतार हीच युक्ती करतो. दाराला जे औषध लागू पडते ते गिटारीलाही पडते. लाकडाला आपण दार आहोत की वाद्य आहोत याचे भान नसते.

लाकडाला हवेचे भान मात्र फार असते. कोलकात्याच्या दमट हवेत घडलेली गिटार मराठवाड्याच्या कोरड्या हवेत येते. एप्रिल-मे महिन्यांत छावणीच्या रस्त्यांवर पारा ४० अंशांच्या घरात जातो आणि हवेतील ओलावा जणू नाहीसा होतो. अशा वेळी लाकूड आडवे आक्रसते. पडद्यांच्या धातूच्या पट्ट्या मात्र आक्रसत नाहीत. परिणामी त्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर डोकावू लागतात आणि सरकणाऱ्या हाताला करवतीच्या दातांसारखी लागतात. पुढे मृग नक्षत्र निघून पावसाची झड लागली की तेच लाकूड फुगते, तबली किंचित वर येते आणि तारा आपोआप उंच होतात. वाद्य बिघडले असे समजून घरचे लोक हैराण होतात. वाद्य तर केवळ ऋतू पाळीत असते. बाहेर आलेली टोके बारीक कानशीने तिरकी घासावीत. घासताना दांडीला चिकटपट्टी लावून ठेवली म्हणजे लाकडावर ओरखडे उठत नाहीत. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोके पाडून तीत ओलसर, पण न ठिबकणारा, स्पंजाचा तुकडा ठेवावा आणि ती डबी गिटारीच्या पिशवीत घालावी. माठाभोवती ओले फडके गुंडाळणाऱ्या प्रदेशाला ही युक्ती शिकविण्याची गरज पडू नये.

सर्वांत जास्त त्रास देते ती तारेची झरझर. तिचे कारण शोधणे हे एखाद्या चोराचा माग काढण्यासारखे आहे. मोकळी तार झरझरते, पण दाबली की स्वच्छ वाजते, तर संशय नटच्या खोल खाचेवर घ्यावा. एकाच पडद्यावर आवाज येतो, तर पुढचा पडदा वर आलेला असावा. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकले की तो बहुधा जागेवर बसतो. सर्वत्र आवाज येतो, तर दांडीचा बाक तपासावा. आणि कोठेच दोष सापडत नसेल, तर खुंटीची सैल चकती, गिटारीत पडलेला एखादा स्क्रू, किंवा वाजविणाराच्या सदऱ्याची तबलीला लागणारी गुंडी पाहावी. मोठमोठ्या तक्रारींच्या मुळाशी अशी एखादी गुंडी निघते, तेव्हा शोधणाऱ्याला हसू आवरत नाही.

प्रत्येक दुखण्यावर घरगुती औषध चालते असे मात्र नव्हे. घोडी तबलीपासून उचलली गेली असेल, तर तारा ताबडतोब सैल केल्या पाहिजेत. जुना डिंक खरवडून, फेविकॉल लावून, शिकंज्यात धरून ती एक अहोरात्र तशीच ठेवावी लागते. घाईने तिच्यातून स्क्रू आरपार मारणारे आढळतात. त्याने घोडी टिकत नाही आणि पातळ तबली मात्र फुटते. कडेची लहानशी फट डिंकाने भरून तिच्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की सांधा घट्ट बसतो. परंतु दांडी खोडाशीच मोडली असेल, तर वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे. नायलॉनच्या तारांसाठी बनविलेल्या गिटारीवर पोलादी तारा चढविणे, हा तर दुरुस्तीच्या नावाखाली केलेला अत्याचारच होय. जो ताण सोसण्यासाठी ती घडलेलीच नाही, तो तिच्यावर पडतो आणि घोडीच उखडते. आपली मर्यादा ओळखणे हाही या विद्येचा एक धडा आहे.

दोष म्हणजे तरी काय, याचाही येथे विचार करावा लागतो. उंच तारा हा साध्या गिटारीचा मोठा दोष. पण ज्या गिटारीवर बोटांनी तार न दाबता तिच्यावरून पोलादी कांब सरकवितात, त्या गिटारीला उंच ताराच लागतात. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी अशाच गिटारीवर रागसंगीत वाजवून या परदेशी वाद्याला हिंदुस्थानी मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. एका वाद्याचे जे व्यंग ते दुसऱ्याचे सामर्थ्य ठरते. म्हणून वाद्य हाती घेताना ते कोणत्या कामासाठी आहे, हा प्रश्न आधी विचारावा आणि मगच त्याला दोष द्यावा.

डागडुजी हे हलके काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मिरजेकडे पाहावे. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांची कीर्ती देशभर आहे. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही कला तेथे प्रथम रुजविणारे फरीदसाहेब हे मुळात वाद्ये करणारे नव्हते. ते शिकलगार घराण्यातले. तलवारी-भाल्यांना धार लावणे आणि शस्त्रे घासूनपुसून लखलखीत ठेवणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली आणि हातातले कसब रिकामे राहिले. संस्थानिकांच्या आश्रयास येणाऱ्या गवयांची वाद्ये बिघडत. ती दुरुस्त करता करता या घराण्याचा हात वाद्यांकडे वळला, असे सांगितले जाते. जी बोटे पात्याची धार पारखीत, तीच पुढे घोडीवरची जवारी पारखू लागली. जवारी म्हणजे तरी काय? घोडीचा माथा केसाएवढा घासावयाचा आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा अशा जागी सारावयाचा, की तंबोरा गुंजू लागेल. मिरजेचा तो धागा आणि स्वस्त गिटारीच्या सॅडलखालचे कागदाचे कापट यांत कसबाचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे. पण जात एकच आहे. मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. एवढ्या थोर गवयाला कानस हाती घेण्यात कमीपणा वाटला नाही.

स्वस्त साहित्याविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आजच्या गिटारीला तिचा आकार व आतील रचना ज्याने मुख्यतः दिली, तो आंतोनियो दे तोर्रेस हा स्पेनमधील कारागीर १८१७ मध्ये जन्मला. गिटारीचा आवाज प्रामुख्याने तबलीत असतो, असे त्याचे मत होते. ते पटवून देण्यासाठी १८६२ मध्ये त्याने एक गिटार बनविली. तिची तबली उत्तम लाकडाची होती. पाठ आणि बाजू मात्र चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. ही गिटार बार्सिलोना येथील संगीतविषयक संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे. एका महान कारागिराने कागदाची गिटार केली, ती काटकसर म्हणून नव्हे. जेथे महत्त्व आहे तेथे सारे लक्ष ओतावे, आणि जेथे नाही तेथे साधेपणाने भागवावे, हे त्याला दाखवावयाचे होते. स्वस्त गिटारीची तबली तोर्रेसच्या तबलीसारखी कधीच होणार नाही. डागडुजीने तिला मधुर गोलाई येणार नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण सूर खरा लागणे आणि बोटांना तार सोसणे, या दोन गोष्टी लाकडाच्या किमतीवर अवलंबून नाहीत. त्या लक्ष देण्यावर अवलंबून आहेत. आणि शिकणाऱ्याला प्रथम याच दोन गोष्टींची गरज असते.

कपाटावरची गिटार अशा रीतीने एखाद्या रविवारी खाली येते. धूळ झटकली जाते, शेजारच्या सुतारकाकांकडून कानस मागून आणली जाते, वहीचे जुने मुखपृष्ठ कापले जाते. वडील काच धरतात, मुलगी रेघ आखते. सायंकाळी नव्या तारा चढतात आणि जी तार महिनाभर बोटांना शत्रूसारखी वाटत होती, ती एका हलक्या दाबाने पडद्याला टेकते. सूर चढत नाही, उतरत नाही. असावयास हवा तेथेच उभा राहतो. त्या दिवशी मुलीला केवळ गिटार परत मिळते असे नाही. आपल्याविषयी आपण घाईने एक निर्णय केला होता आणि तो चुकीचा होता, हेही तिला कळते. शिवाय तिच्या कानाला एक नवी नजर येते. कोणती तार, कोणता पडदा, कशामुळे, हे प्रश्न विचारण्याची तिला सवय लागते; आणि ऐकताना असे प्रश्न विचारणे ही संगीताच्या शिक्षणाची पहिली पायरी होय.

जगात उत्तम वाद्ये थोड्यांच्याच वाट्याला येतात. बहुतेकांना जे मिळते ते बेताचे, कोठेतरी खाच उथळ राहिलेले, एखादा स्क्रू सैल असलेले असते. ते फेकून देऊन दुसऱ्याची वाट पाहत बसणे हा एक मार्ग आहे. ते मांडीवर घेऊन, उजेडात धरून, नेमके कोठे अडते आहे ते शोधणे हा दुसरा. छावणीच्या बाजारात गोणपाटावर बसलेला डागडुजी करणारा गुरुवारी दिवसभर हा दुसरा मार्ग चालत असतो. त्याच्यापुढे ठेवलेल्या छत्रीला तो कधी विचारीत नाही की तू कितीला घेतलेली आहेस. ती उघडून तो आकाशाकडे धरतो आणि उजेड कोठून येतो ते पाहतो.